पूजलेला मुरूम

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ५, सन १८६३

चिरंजीव गोवर्धन यास, वर्षभरानं का होईना पण मोठा असलेल्या मामेभावाचे आशीर्वाद.

तू तिकडे अकोल्याला मोर्णेच्या चिखलात उभा राहून रेल्वेच्या पुलाचे पाये मोजतोस, आणि इकडे तुझा देवीदासदादा पंच झाला. हसू नकोस. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला असा भाव आणलाय की आपण माळ्यांनीसुद्धा वांगी-मिरच्या उपटून कापूस पेरला. खुशालराव पाटलांच्या बैठकीत मी पूर्वी जोड्यांजवळ बसायचो, आता लोडाजवळ बसतो.

पत्राचं कारण मोठं आहे. पुण्याला सरकारनं शिल्पाची, म्हणजे बांधकाम-मोजणीची, शाळा काढली आहे, तशी आपली वऱ्हाडाची असावी असं पाटलांच्या मनात आलं. भर बैठकीत ते म्हणाले, "आपल्या पोराहीनं जिंदगीभर साहेबाची साखळीच वढाव काय? त्याची दुर्बीण कावून नाही धराव?" सगळ्यांच्या अंगावर काटा आला. बाजारात येणाऱ्या दर गाडीमागे एक पासरी कापूस शाळेचा, असं ठरलं. म्हणजे शाळा कोणा एकाची नाही, गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाची. राजापेठेबाहेर जागाही घेतली. शेजारी तालीम बांधायची, कारण नुसतं डोकं घेऊन काय करायचं, अंगात रगही पाहिजे.

आणि ऐक, शिल्पाचा पहिला गुरुजी तू. पाटलांनी चारचौघांत शब्द दिला आहे. आधी पायाची आखणी करून पाठव.

देवीदास

*

अकोला, मार्गशीर्ष वद्य ३

देवीदासदादास गोवर्धनचा नमस्कार, तोही उभ्यानंच. साष्टांग घालायला इथं कोरडी जागा नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आधी विश्वास बसला नाही, कारण कापसाच्या पैशातून काही चांगलं निघतं हे मी अजून पाहिलेलं नाही. इथले व्यापारी गाठीत दगड भरतात, कापसावर पाणी मारतात आणि सुटलेल्या पैशातून देवळाला कळस चढवतात. मला त्यांची किळस येते. पण शाळा म्हणालास आणि माझं मन पाघळलं.

नऊ वर्षं साहेबाची तिपाई खांद्यावर वाहतोय. आता दुर्बिणीतून पातळी मी पाहतो आणि आकडा साहेब लिहून घेतो. कागदावर मात्र मी अजून मोजणीची साखळी ओढणारा खलाशी. गुरुजी हा शब्द मला फार लागलाय दादा, खोटं कशाला सांगू.

आखणी सोबत आहे. तिच्यापेक्षा खालच्या चार ओळी जपून ठेव. राजापेठेची जमीन निव्वळ काळी. उन्हाळ्यात तिच्या भेगेत आपली गुरं हाकायची काठी गेली होती, आठवतं? पावसात तीच भुई फुगते आणि वरची भिंत उचलते. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत सगळी काळी काढायची, सात हात तरी जावं लागेल. मग टेकडीवरचा तांबडा मुरूम आणून थराथरानं घालायचा, पाणी मारून चोपायचा. काढलेली काळी एक टोपलीसुद्धा परत पायात जाऊ द्यायची नाही. बाकी भिंती वाकड्या केल्यात तरी चालेल.

गोवर्धन

*

अमरावती, माघ वद्य ८, सन १८६४

चिरंजीव गोवर्धन यास आशीर्वाद.

काम असं झपाट्यानं चाललंय की तू पाहत राहशील. टेकडीवरून तांबड्या मुरुमाच्या गाड्या आल्या, दोन पुरुष उंच ढीग लागला. आता तर शाळेचा चौथराही वर आला. तू आखणीत धरलंस त्याच्या निम्म्या वेळात! यावरून पंचांची तडफ ओळख.

तालमीला वस्ताद मिळाले मोर्शीकडचे नत्थुजी. माणूस देवासारखा भोळा आणि मान रेड्यासारखी. ते आल्याचं कळताच वलगावपासूनची साठ पोरं लंगोट घेऊन हजर झाली. शिल्पाला सध्या चार आहेत, पण चांगल्या घरची आहेत. कुस्तीचा हौद तर काय सांगू! चाळून घेतलेली तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल, कापूर. आपण लहानपणी वलगावच्या तालमीत काळ्या मातीत लोळायचो, अंगाला चिकटून बसायची. ही माती अंगावरून झटकली की पडते. होळीला दंगल ठेवली आहे. पाटील चांदीची गदा देणार आहेत.

तू साहेबाला नोकरी सोडण्याचं कधी सांगतोस?

देवीदास

*

अकोला, फाल्गुन शुद्ध २

दादास नमस्कार.

हौदाचं वर्णन वाचलं. माझा प्रश्न एकच आहे. राजापेठेत तांबडी माती कुठून आली?

सात हात खोदायचं, भरायचं, चोपायचं आणि दोन महिन्यांत चौथरा वर, हे मी रेल्वेतही पाहिलं नाही, आणि इथं हजार मजूर आहेत. पायात मुरूम किती हात घातला ते लिही. दंगलीत कोण जिंकलं ते नाही लिहिलंस तरी चालेल.

नोकरीचं नंतर, तुझं उत्तर आल्यावर बोलू.

गोवर्धन

*

अमरावती, चैत्र वद्य ४

चिरंजीव गोवर्धन यास आशीर्वाद.

दीड महिना पत्र लिहिलं नाही, कारण तुझा राग माहीत आहे. तू आपला माणूस म्हणून खरं ते लिहितो, पत्र वाचून जाळ.

मुरुमाचा ढीग मोकळ्यावर पडला होता. नत्थुजी वस्ताद आले ते शनिवारी. त्यांना वाटलं हौदासाठीच माती आणली. त्यांनी ढिगावर मारुतीचा झेंडा रोवला, शेंदूर वाहिला, नारळ फोडला आणि चिमूटभर माती कपाळाला लावून पहिली जोड सोडली. सोमवारी मुकादम टोपल्या घेऊन गेला, तर वस्ताद हात जोडून आडवे झाले. मजुरांनीही टोपल्या खाली ठेवल्या. पूजलेली माती पायात कोण घालेल? तू तरी घातली असतीस का?

दुसरा मुरूम आणायचा तर गाड्या कुठल्या? वऱ्हाडातली प्रत्येक गाडी कापूस वाहतेय. टेकडीवर जायचं म्हटलं की गाडीवान तोंड फिरवतो. पाटील म्हणाले, "भुई ते भुई. काळी काय अन् तांबडी काय!" मग तीन हातांवर खोदणं थांबवलं आणि निघालेली काळीच चोपून भरली. मी बोलणार होतो. पण बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या आणि माझीही हलली.

आता चांगली बातमी. दाराशेजारी दगड बसवलाय: 'पायाची आखणी गोवर्धन माळी यांची.' आपल्या कुळात कोणाचं नाव दगडावर आलंय सांग! आणखी एक, पोरं तालमीत जास्त म्हणून शाळेचे मुख्य नत्थुजींना केलं आहे. तू त्यांच्या हाताखाली गुरुजी. तालमीत गदा मिळवणाऱ्याला शिल्पाचा दाखलाही द्यावा असं पंचांचं मत पडलं. तू फार मनावर घेऊ नकोस.

देवीदास

*

अकोला, श्रावण शुद्ध ९

दादास.

मी अमरावतीला येऊन गेलो. तू पाटलांबरोबर कुठल्याशा दंगलीला गेला होतास, बरंच झालं. समोर असतास तर तोंडातून भलतं काही निघालं असतं.

दुर्गावहिनीनं भाकरी दिली आणि स्वतः शाळा दाखवायला आली. दाराजवळच म्हणाली, "भाऊजी, परवा या भितीत नख जात होतं. आज बोट जाऊन राहिलं." आणि खरंच बोट घालून दाखवलं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघून थेट वर वळचणीला गेली आहे. मी विचारलं, दादा काही म्हणत नाही का? ती म्हणाली, "कावून म्हणतीन? पंचात जागा भेटली ना त्याहिले."

शिल्पाच्या खोलीत वस्तादांची म्हैस बांधली आहे. तुला माहीत असेलच. पहिलवानांना दूध लागतं आणि पावसात तिला आडोसा नाही, म्हणून. ती चार चांगल्या घरची पोरं ओसरीवर बसून पाटीवर हत्ती काढत होती. गाडीमागची एकेक पासरी, दादा! त्यात एखाद्या रांडमुंड बाईच्या गाडीचीही असेल. तिच्या पासरीवर तुम्ही शेण पाडून घेताय. मला तिथं उभं राहवेना.

मग तालमीत गेलो. हौद भर पावसातही कोरडा, सपाट, एक भेग नाही. इतका उत्तम भरलेला पाया मी वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही, आणि त्यावर साठ माणसं एकमेकांना लोळवत होती. मी नत्थुजींना म्हणालो, वस्ताद, हा मुरूम शाळेचा होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, मले का मालूम? मले कोणी सांगतलं? पन माती एकडाव पुजली का ते देवाची झाली. देवाले तुमी पायात घालता काय?" वर निघताना माझा हात आपोआप खाली गेला, माती कपाळाला लागली, आणि स्वतःचीही किळस आली. पण त्या माणसावर माझा राग नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. तुला मी सांगितलं होतं.

दोन गोष्टी कर. भादव्यात त्या इमारतीत कोणाला बसू देऊ नकोस. आणि माझं नाव खरवडून काढ. गुरुजीपण तुमचं तुम्हाला लखलाभ.

गोवर्धन

*

अमरावती, भाद्रपद वद्य ६

गोवर्धन यास.

आठ दिवसांपूर्वी दुपारी शाळा पडली. आधी पश्चिमेची भिंत गेली, तिच्यामागे छप्पर. तेव्हा तालमीत कुस्ती रंगली होती आणि शिल्पाची चौघंही तीच पाहायला गेली होती. शाळेत कोणीच नव्हतं म्हणून कोणी मेलं नाही. मेली ती म्हैस.

सगळी तालीम तिच्यासाठी रडली. वस्ताद दोन दिवस जेवले नाहीत. मग पाटलांनी पंच बसवले. दोष कोणाचा, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या नजरा ढिगाऱ्यातून वर आलेल्या दगडावर गेल्या. तुझं नाव मी काढलं नव्हतं. मला वाटलं, राग गेल्यावर तुलाच बरं वाटेल.

आखणीच चुकीची होती असं तुझ्या साहेबाला लिहायचं ठरलं. कागद फिरत माझ्यापर्यंत आला. मी सही केली. दुर्गा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, ताट समोर आदळते. तू मला काय म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालंय.

देवीदास

*

अकोला, आश्विन शुद्ध ३

देवीदास यास.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. साहेबानं बोलावून कागद दाखवला. खाली सात सह्या, सातवी तुझी. लहानपणी पंतोजींच्या छडीखाली आपण एकाच पाटीवर मोडी गिरवली, तुझा 'द' मी अंधारातही ओळखीन.

साहेब म्हणाला, ज्याची एक शाळा पावसात पडते त्याच्या हाती मी पुलाचा पाया कसा देऊ? मी सांगितलं की पायात मुरूम घातलाच नाही. त्यानं पुरावा मागितला. दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर मी कामावर नाही. आणि या कामावरून पाया चुकला म्हणून निघालेल्याला दुसरीकडे कोणी उभं करत नाही. नऊ वर्षांत एवढीच एक गोष्ट शिकलो, दादा, आणि तीच तुम्ही खोटी ठरवलीत.

त्या कागदाकडे पाहून उलटी आली. खरंच आली, साहेबाच्या तंबूमागे. तुला माझ्याकडून शिव्या हव्या असतील. त्या द्यायलाही तोंड कडू झालंय. तुला खरं माहीत आहे आणि बोलायचं तुलाच आहे. मी आता पुन्हा लिहिणार नाही.

गोवर्धन

*

अमरावती, आश्विन वद्य ७

गोवर्धन,

सोबत गाडीवानाच्या हाती दोन टोपल्या पाठवतो. तोंडं शिवून वर गावच्या कुळकर्ण्याची मोहोर लावली आहे. जपून उतरवून घे.

पहिलीत पडलेल्या शाळेच्या पायाची माती आहे, तीन हात खालची. मी स्वतः खणली. निव्वळ काळी.

दुसरीत हौदाची. तुझं पत्र दुर्गानं मला मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "पंचाईनं लिहिलेल्या कागदाले कागदानं काय उत्तर देता? मातीच पाठवा ना." मी म्हटलं, पूजलेली आहे. तर म्हणाली, "मंग तुमचा भाऊ काय उष्टा आहे?"

सकाळी साठजण हौदाभोवती असताना मी उतरलो. जोडे बाहेर काढले, नमस्कार केला आणि कुदळ घातली. एक पोरगं अंगावर धावलं, त्याला वस्तादांनीच धरलं. मला म्हणाले, "देवीदासभाऊ, नका करू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. पण टोपली भरली. कुळकर्ण्याला सगळ्यांदेखत सांगितलं की ती सही खोटी होती, आणि तसं लिहूनही दिलं. ते टोपलीत आहे.

पाटलांनी त्याच दिवशी पंचातून काढलं. आता जोड्यांजवळही जागा नाही. गावात लोक माझ्या अंगावरचा वारा टाळतात. बरं झालं, कापसाच्या मागे वांगी लावायची राहिली होती.

देवीदास

*

अकोला, कार्तिक शुद्ध ४

देवीदासदादास साष्टांग नमस्कार. जागा कोरडी झाली आहे.

टोपल्या साहेबासमोर उघडल्या. काळी त्यानं पाहून बाजूला ठेवली. तांबडी हातात घेतली, चोळली, नाकाला लावली. मुरुमाला हळदीचा आणि ताकाचा वास का, म्हणून विचारू लागला. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसेना. पंचांचा कागद त्यानं माझ्यासमोर फाडला. पुलाचा पाया माझ्याकडेच राहिला. हुद्दा खलाशीच, पण नाव शाबूत आहे. ते तुझ्यामुळे.

तुझ्यावरचा राग सगळा गेला असं म्हणणार नाही. त्या कुदळीनं अर्धा गेला. उरलेला वांगी पाठवलीस तर पाहू.

तुमच्या शिल्पशाळेची ती चौघं मागच्या आठवड्यात चालत इथं आली. साहेबानं ठेवून घेतली. आता दिवसभर साखळी ओढतात. खुशालराव पाटलांना आठवणीनं सांग, त्यांनीच भर बैठकीत विचारलं होतं.

हौदाला पडलेला खड्डा तसाच असेल तर बुजवायला सांग. उगाच एखाद्याचा पाय मुरगळायचा.

गोवर्धन

*

अमरावती, कार्तिक वद्य १

चिरंजीव गोवर्धन यास पुरते आशीर्वाद, आणि या गाडीबरोबर एक हारा वांगी, विकतची. माझी अजून रोपंच आहेत.

खड्ड्याची काळजी करू नकोस. मी कुदळ घातली त्याच दिवशी दुपारी टेकडीवरून मुरूम आला. वेचणी ऐन भरात आहे, बाजारात गाड्यांसाठी मारामारी चालली आहे. तरी दुर्गानं दारातून मोजल्या, अकरा गाड्या गेल्या, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून. एकाही गाडीवानानं नाही म्हटलं नाही.

खड्डा टोपलीभराचा. त्यामुळे जवळजवळ सगळा ढीग उरला, पडक्या शाळेच्या चौथऱ्याशेजारीच. मला रात्रभर वाटत राहिलं, एवढ्यात एका खोलीचा पाया सहज होईल. सात हात मी खणीन, आखणी तुझी आहेच. लाज गुंडाळून सकाळी पाटलांना विचारायला निघालो.

वाटेत ढीग दिसला. त्यावर झेंडा लागला होता.

देवीदास